वाचनालयाची पायरी

बेंगळुरूच्या एच. सिद्दय्या रस्त्यावर 'न्यायदेगुल' ही इमारत आहे. कौटुंबिक न्यायालये इथे बसतात. कर्नाटक राज्य विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय इथेच, आणि २००७ साली सुरू झालेले बेंगळुरू मध्यस्थी केंद्रही इथलेच. कामकाजाच्या दिवशी सकाळी इथल्या व्हरांड्यात उभे राहिले की जे प्रश्न कानांवर पडतात ते कायद्याचे नसतात. कोर्ट हॉल कितवा? आपले नाव पुकारून झाले का? आज नुसती तारीख मिळणार की काही बोलावे लागणार? वकील दुसऱ्या कोर्टात अडकलेत, तोवर पुकारा झाला तर काय सांगायचे? हा कागद बाहेरच्या टेबलावर द्यायचा की आत?

या प्रश्नांना उत्तरे आहेत, आणि ती साधी आहेत. पण ती द्यायला जबाबदार माणूस नेमलेला नाही. शिपाई सांगतो तेवढे, शेजारी बसलेला दुसरा पक्षकार सांगतो तेवढे, झेरॉक्सवाला सांगतो तेवढे.

याच इमारतीत लागू असणाऱ्या कायद्यात एक कलम आहे, ते वाचले की हा गोंधळ अधिकच बोचतो. कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४, कलम १३. या न्यायालयात वकिलामार्फत बाजू मांडणे हा पक्षकाराचा हक्क नाही, असे ते कलम सांगते. न्यायालयाला गरज वाटली तर एखाद्या विधिज्ञाचे साहाय्य घेता येते, परवानगी मिळाली तर वकीलही उभा राहतो, आणि प्रत्यक्षात बहुतेकांचे वकील असतातच. पण कायदा करणाऱ्यांचा हेतू स्वच्छ होता: नवरा-बायकोने, आई-बापाने स्वतः यावे, स्वतःच्या भाषेत बोलावे, भांडणाचा खटला होऊ देऊ नये.

असा हेतू इतरत्रही दिसतो. ग्राहक आयोगात तक्रार स्वतः मांडता येते. मोबदला पाच लाखांपर्यंतचा असेल तर शुल्कही नाही, फक्त दोन वर्षांची मुदत सांभाळायची. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यात पीडित स्त्री स्वतः दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करू शकते. अर्जाचा नमुना नियमांतच छापलेला आहे आणि पहिली सुनावणी साधारणपणे तीन दिवसांत ठेवावी असे कलम १२ सांगते. कर्नाटकात १९७४ च्या जमीन सुधारणांनंतर कुळांचे दावे ज्या भू-न्यायाधिकरणांपुढे चालले, तिथे तर वकिलांना मज्जावच होता. सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद १९८७ मध्ये अवैध ठरवली.

म्हणजे कायदा अनेक दारांवर सांगतो, तुम्ही स्वतः या. आणि जवळजवळ सगळीकडे असेही धरून चालतो की येणाऱ्याला कायदा ठाऊक आहे. ठाऊक नव्हता ही सबब चालत नाही. मग तो ठाऊक करून देण्याचे काम सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या कुठल्यातरी संस्थेने करायलाच हवे. माझ्या मते ती संस्था सार्वजनिक ग्रंथालय आहे, आणि हे म्हणायला बेंगळुरूइतके योग्य शहर देशात दुसरे नसेल.

कब्बन पार्कात दोन तांबड्या इमारती आहेत. एक 'अठारा कचेरी'. म्हैसूर संस्थान इंग्रज कमिशनरच्या ताब्यात होते तेव्हा १८६८ मध्ये कारभाराची कचेरी टिपूच्या राजवाड्यातून इथे हलली. आज तिथे कर्नाटक उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ आहे. दुसरी शेषाद्री अय्यर स्मारक वास्तू. के. शेषाद्री अय्यर १८८३ ते १९०१ म्हैसूरचे दिवाण होते. त्यांच्या स्मरणार्थ ही वास्तू १९१५ च्या सुमारास उभी राहिली, आणि आज तिथे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. एकीकडून दुसरीकडे झाडांखालून चालत जायला दहा मिनिटे पुरतात. पण तारीख झाल्यावर पक्षकाराने ग्रंथालयात जाऊन आपल्या प्रकरणाबद्दल चार ओळी वाचाव्यात, असा रिवाज इथे पडलेला नाही. वाचनकक्षात गर्दी असते ती मुख्यतः स्पर्धा परीक्षांच्या मुलांची. उच्च न्यायालयाच्या आत ग्रंथालय आहे ते न्यायाधीशांचे. वकील संघटनांची आहेत ती सभासदांची. ज्याच्या घराचा, पोरांचा, पगाराचा निकाल लागायचा आहे त्याला यांपैकी कुठेही खुर्ची नाही.

या शहराला आणखी एक वारसा आहे. शियाली रामामृत रंगनाथन. गणिताचे प्राध्यापक, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. आयुष्याच्या उत्तरार्धात ते बेंगळुरूला आले, १९६२ मध्ये त्यांनी इथे प्रलेखन संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र उभे केले आणि १९७२ मध्ये इथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या सूत्रांतले चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे. ते मला कोर्टाच्या संदर्भात सारखे आठवते, कारण कोर्टात वेळ म्हणजे रोख पैसा. बेंगळुरूच्याच 'दक्ष' या संस्थेने २०१६ मध्ये देशभरातल्या नऊ हजारांहून अधिक पक्षकारांना विचारून काढलेला हिशेब असा: दिवाणी दाव्यातला माणूस एका तारखेला येण्यासाठी सरासरी ४९७ रुपये खर्च करतो, आणि बुडालेल्या मजुरीचे वा कमाईचे ८४४ रुपये वेगळे. वकिलाची फी यात धरलेलीच नाही. आज तारीख आहे की पुढे गेली एवढे आदल्या दिवशी कळले, तर हे दोन्ही आकडे एका फेरीपुरते वाचतात.

आणि ते कळू शकते. इथे जरा थांबून एक कागद नीट पाहू.

देशातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांत दाखल होणाऱ्या प्रत्येक प्रकरणाला 'सीएनआर' नावाचा सोळा अक्षर-अंकांचा क्रमांक मिळतो. बेंगळुरूतल्या प्रकरणाचा असेल तर सुरुवात 'के', 'ए' या अक्षरांनी, म्हणजे कर्नाटक. पुढची अक्षरे-आकडे जिल्हा आणि न्यायालय सांगतात, मग सहा आकडी अनुक्रमांक, आणि शेवटचे चार आकडे वर्षाचे. हा क्रमांक ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा मोबाइल अ‍ॅपवर टाकला की पुढची तारीख, कोणत्या न्यायाधीशांपुढे, कोणत्या टप्प्यावर, आजवर कोणते आदेश झाले, सगळे समोर येते. पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. पक्षकारांच्या हातातल्या फायलीवर मात्र बरेचदा जुना 'ओ. एस. नंबर' तेवढा असतो, तोही वकिलाच्या कारकुनाने पेन्सिलीने लिहिलेला. 'ओ. एस.' म्हणजे मूळ दिवाणी दावा, 'एम. सी.' म्हणजे विवाहविषयक प्रकरण, 'सी. सी. एच.'च्या पुढचा आकडा म्हणजे शहर दिवाणी न्यायालयातला हॉल. ही आद्याक्षरे एकदा कुणी समजावून दिली की माणूस निम्मा सुटतो.

आता समन्स. दिवाणी दाव्याचे समन्स हाती पडले की लेखी कैफियत द्यायला तीस दिवस. कारण दाखवल्यास न्यायालय ती मुदत नव्वद दिवसांपर्यंत नेऊ शकते. समन्स मिळूनही हजरच झाला नाही तर दावा एकतर्फी चालतो. एकतर्फी हुकूमनामा झालाच, तर तो रद्द करून घेण्याचा अर्ज करता येतो, पण मुदत कायद्याने त्यालाही तीसच दिवस. समन्स रीतसर बजावलेच गेले नसेल, तर हे तीस दिवस हुकूमनामा कळल्यापासून मोजायचे. धनादेश न वटल्याचे प्रकरण असेल तर आकडे वेगळे: बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर पैसे द्यायला पंधरा दिवस, आणि त्यानंतर एका महिन्याच्या आत फिर्याद.

यात सल्ला कुठेच नाही. कैफियतीत काय लिहावे, तडजोड करावी की लढावे, साक्षीदार कोण आणावा, हा सल्ला. तो वकिलाचा प्रांत आणि तिथे ग्रंथपालाने पाऊल टाकू नये. वकिलांच्या १९६१ च्या कायद्यानुसार सनद नसताना वकिली केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ग्रंथपाल मंडळी कायद्याच्या प्रश्नाला बिचकतात त्यामागे ही भीती असते, आणि ती समजण्यासारखी आहे. पण समन्सवर मुदत कुठे लिहिली आहे ते दाखवणे, कलमाचे पुस्तक उघडून देणे, अर्जाचा छापील नमुना काढून देणे, मोफत वकील कुठे मिळतो ते सांगणे ही माहिती आहे, आणि माहिती देणे हेच ग्रंथपालाचे काम. अमेरिकेतल्या ग्रंथपालांना ही रेघ नेमकी कुठे ओढायची हे प्रशिक्षणात शिकवले जाते. कॅलिफोर्नियात तर १८९१ पासून जिल्ह्याजिल्ह्याला सार्वजनिक विधी ग्रंथालये ठेवण्याचा कायदा आहे आणि त्यांचा खर्च मुख्यतः दावा दाखल करताना भरल्या जाणाऱ्या शुल्काच्या हिश्श्यातून भागतो. जो न्यायालयाची पायरी चढतो त्याच्याच पैशातून त्याच्यासाठी पुस्तके येतात. मला ही व्यवस्था फार सरळ आणि न्याय्य वाटते.

आपल्याकडे म्हणतात की शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. पण पायरी चढायची की नाही हे ठरवण्याची मुभा किती जणांना असते? भाडेकरूला, टाकलेल्या बाईला, भावाने सह्या घेऊन फसवलेल्या भावाला पायरीच बोलावते.

ग्रंथालयात जाऊन कायदा वाचायचा म्हटले तर कोणता वाचायचा, हा प्रश्न अलीकडे अवघड झाला आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. पाचशे अकरा कलमांच्या जागी तीनशे अठ्ठावन्न. फसवणुकीचे ४२० आता ३१८ मध्ये, खुनाचे ३०२ आता १०३ मध्ये, आणि सासरच्या छळाचे ४९८-अ ८५ आणि ८६ मध्ये गेले. पण ३० जून २०२४ पर्यंत घडलेल्या गुन्ह्याला जुनीच संहिता लागू. तेव्हा पुढची कित्येक वर्षे दोन्ही पुस्तके फळीवर शेजारी-शेजारी हवीत, आणि कुठली केव्हा उघडायची हे सांगणारा माणूसही हवा. पदपथावरच्या विक्रेत्याकडून घेतलेल्या गाइडात हे मिळत नाही. जुनी आवृत्ती रद्दीत काढून नवी ठेवणारा ग्रंथपाल इथे नकळत वाचकाचे नुकसान करील.

मोबाइलवर सगळे मिळते, ग्रंथालय कशाला, असे कुणी म्हणेल. त्याला बेंगळुरूनेच दिलेली दोन उत्तरे आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाच्या बेंगळुरू खंडपीठाने दिलेला एक आदेश मागे घ्यावा लागला, कारण त्यात आधाराला घेतलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. आणि मार्च २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाला असे आढळले की शहर दिवाणी न्यायालयाच्या एका आदेशात सर्वोच्च न्यायालयाचे म्हणून उद्धृत केलेले निवाडे कुठल्याच न्यायालयाने दिलेले नव्हते. चौकशीची कारवाई करावी असे उच्च न्यायालयाने सांगितले. शिकलेल्या, पदावर बसलेल्या माणसांची ही गत, तर मोबाइलवर प्रश्न टाकून उत्तर घेणाऱ्या रिक्षाचालकाने ते उत्तर कुठे पडताळायचे? खंड, पान, वर्ष काढून 'हा निवाडा खरोखर आहे' किंवा 'असा निवाडा नाही' हे सांगणे ग्रंथालयाचे फार जुने काम आहे. त्याची किंमत आज वाढली आहे.

निवाडे पडताळण्याची साधने एकेकाळी फक्त वकिलांच्या कपाटांत होती. 'ऑल इंडिया रिपोर्टर'चे १९१४ पासूनचे खंड, नागपूरच्या चितळ्यांनी उभा केलेला तो प्रचंड उद्योग, देशभरच्या वकिलांच्या खोल्यांतून भिंतभर दिसतात. सामान्य माणसाने ते हातात घेतल्याचे दृश्य विरळाच. बदल सुरू झाला तो २००७-०८ च्या सुमारास. निवाड्यांच्या मालकीवरून लखनौच्या ईस्टर्न बुक कंपनीने डी. बी. मोडक आणि इतरांविरुद्ध चालवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये सांगितले की संपादकाने स्वतःच्या कौशल्याने घातलेली भर त्याची, पण न्यायालयाच्या निवाड्याचा मूळ मजकूर सगळ्यांचा. आणि योगायोग असा की पुढच्याच महिन्यात, जानेवारी २००८ मध्ये, सुशांत सिन्हा या संगणक अभियंत्याने 'इंडियन कानून' सुरू केले. ते तेव्हा अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात पीएच.डी. करत होते, पुढे बेंगळुरूत याहूमध्ये नोकरीला लागले. कलमावर बोट ठेवले की त्या कलमावरचे निवाडे उघडावेत, निवाड्यातल्या कलमावर बोट ठेवले की मूळ कायदा उघडावा, एवढीच साधी कल्पना. आज वकील, विद्यार्थी, पत्रकार आणि पक्षकार सगळेच ते उघडतात. जानेवारी २०२३ पासून सर्वोच्च न्यायालयानेही आपले अधिकृत निवाडे 'ई-एससीआर' म्हणून मोफत खुले केले आहेत, आणि निवडक निवाड्यांचे भाषांतर मराठी-कन्नडसह अनेक भाषांत मिळू लागले आहे.

एका माणसाने एकहाती जे उभे केले ते सार्वजनिक ग्रंथालय खात्याच्या संगणकांवर, प्रशिक्षित माणसाच्या शेजारी बसून वापरता आले तर? साधन आहे, इमारत आहे, पगारी ग्रंथपाल आहे. तिघांची गाठ पडायची आहे.

मराठी माणसाला हा विषय आणखी एका अंगाने भिडतो, आणि मला इथे थोडे रेंगाळायचे आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार, आणि तिकडे बिदर, भालकी, औराद इथल्या मराठी कुटुंबांसाठी उच्च न्यायालय म्हणजे बराच काळ फक्त बेंगळुरू होते. बेळगावहून पाचशे किलोमीटर. रात्रीची गाडी पकडायची, सकाळी कब्बन पार्कात उतरायचे, पुकाऱ्याची वाट पाहायची आणि तारीख घेऊन रात्रीच्या गाडीने परतायचे. २००८ मध्ये धारवाड आणि गुलबर्ग्याला फिरती पीठे आली, २०१३ मध्ये ती कायमची झाली. अंतर कमी झाले. कागद मात्र तितकाच अवघड राहिला.

अवघड यासाठी की या कुटुंबांच्या फायलीत तीन-तीन राज्ये असतात. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वीचा बेळगावकडचा कागद मुंबई राज्याचा. खरेदीखत मराठीत, आणि त्याहून जुने असेल तर मोडीत. बिदरकडचा कागद निजामाच्या हैदराबाद राज्याचा, उर्दू आणि मराठी. नंतरचे उतारे कन्नडमध्ये. उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत. राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ११९ ने जुन्या राज्यांचे कायदे नव्या राज्याने बदलेपर्यंत त्या-त्या भागात तसेच चालू ठेवले. म्हणजे एकाच कर्नाटकात, बेळगावच्या कुळाला मुंबईचा १९४८ चा कूळकायदा आणि बिदरच्या कुळाला हैदराबादचा १९५० चा, अशी वेळ होती. आजही वाटणीच्या वा मालकीच्या दाव्यात त्या काळातला व्यवहार निघाला, तर तेव्हाचा कायदा काढून बघावा लागतो. तो नव्या दुकानात मिळत नाही, जुन्या ग्रंथालयात मिळतो.

बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ चे आहे. पुण्याचे नगर वाचन मंदिरही त्याच सालचे. अशा वाचनालयांतून मुंबई राज्याचे राजपत्र, जुने अधिनियम, नियमावल्या एका कपाटात नीट सूची करून ठेवल्या, शेजारी महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश ठेवला आणि मोडी वाचू शकणाऱ्या दोन-तीन माणसांची नावे फलकावर लावली, तर सीमाभागातल्या पक्षकाराची केवढी सोय होईल! सीमाप्रश्नाचा मूळ दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो आपल्या गतीने चालेल. घराच्या वाटणीचा दावा लढणाऱ्याला मात्र पुढच्या सोमवारच्या तारखेची काळजी असते.

बेंगळुरूत येऊन राहिलेल्या मराठी माणसाची अडचण याहून वेगळी. तो इंग्रजी-हिंदीवर शहरात निभावून नेतो, पण कनिष्ठ न्यायालयातली नोटीस कन्नडमध्ये येते, साक्ष कन्नडमध्ये नोंदली जाते. नोटीस वाचून अर्थ सांगायला तो शेजाऱ्याकडे जातो, आणि घरातली भांडणे शेजाऱ्याला कळतात. ग्रंथालयाच्या टेबलावर बसलेल्या माणसाकडून तेच वाचून घेण्यात अब्रू राहते. या अब्रूची गोष्ट आपल्या चर्चांत फारशी येत नाही. पण पहिले पाऊल कुठे टाकायचे ते ती ठरवते. कोर्टाच्या दारात किंवा वकिलाच्या खोलीत शिरताना दिसलेल्या बाईबद्दल गल्लीत बोलले जाते. वाचनालयात शिरणाऱ्या बाईबद्दल कुणी बोलत नाही.

ग्रंथालय इतके बदलू शकते का, अशी शंका कुणाला येईल. कर्नाटकाच्या खेड्यांनी तिचे उत्तर दिले आहे. २०१९ मध्ये साडेपाच हजारांहून अधिक ग्रामीण वाचनालये ग्रंथालय खात्याकडून ग्रामविकास आणि पंचायतराज खात्याकडे गेली. त्या आधी त्यांतली कित्येक अंधाऱ्या खोलीत, दोन वर्तमानपत्रे आणि धूळ खाणारी कपाटे एवढ्यावर होती. पुढच्या काही वर्षांत रंगरंगोटी झाली, मुलांना मोफत सभासदत्व मिळाले, संगणक आले, पुस्तके देणगीतून आली. त्यांना 'अरिवु केंद्र' असे नाव मिळाले. हे घडले ते मुख्यतः पंचायतींनी आणि खात्यातल्या चिकाटीच्या अधिकाऱ्यांनी मनावर घेतले म्हणून. शाळेतली मुले तिथे येतात, तर मुलांची आई रेशनच्या, पेन्शनच्या, पोटगीच्या कागदासाठी तिथेच का येऊ नये?

पैशाचा प्रश्न आहे, पण महाराष्ट्रापेक्षा इथे तो सोपा आहे. कर्नाटकाच्या १९६५ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यात मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर आहे, सध्या सहा टक्के. महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्यात असा उपकरच नाही, आपली ग्रंथालये सरकारी अनुदानाकडे डोळे लावून बसतात. बेंगळुरूचा प्रत्येक घरमालक ग्रंथालयासाठी पैसे भरतो. गोळा झालेला उपकर महापालिकेकडून ग्रंथालय खात्याकडे वेळेवर वळता होत नाही, ही तक्रार मात्र वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांत येते. आता ग्रेटर बेंगळुरूच्या नव्या रचनेत एका महापालिकेच्या जागी अनेक झाल्या आहेत. प्रत्येकीने हा हिशेब पहिल्या दिवसापासून चोख ठेवावा, असा आग्रह नागरिकांनी धरायला हवा.

तुरुंगाबद्दलही थोडे बोलायला हवे. सुनील बत्रा प्रकरणात डिसेंबर १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्या. कृष्ण अय्यर यांनी कैद्यांसाठी त्यांचे हक्क सांगणारी हस्तपुस्तिका काढून ती कैद्यांमध्ये फिरवण्याचा आदेश दिला होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याआधी दोन वर्षे, १९७७ मध्ये, तुरुंगांत कायद्याचे ग्रंथालय किंवा कायदा जाणणाऱ्यांचे साहाय्य द्या असे सांगितले होते. पुढे त्याच न्यायालयाने तो हक्क आखडता घेतला. बाहेरचा माणूस निदान चालत ग्रंथालयापर्यंत जाऊ शकतो. कच्च्या कैद्याला मात्र पुस्तक बराकीपर्यंत आणून द्यावे लागते. बेंगळुरूच्या परप्पन अग्रहार कारागृहाचे ग्रंथालय आणि विधी सेवा प्राधिकरणाचा तुरुंगातला कक्ष यांनी एकाच टेबलावर बसावे, यासाठी नवा कायदा लागत नाही.

बाहेरही लागत नाही. घटनेच्या अनुच्छेद ३९-अ मध्ये समान न्याय आणि मोफत कायदेविषयक साहाय्य १९७६ पासून आहे. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आहे. त्याच्या कलम १२ खाली स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, औद्योगिक कामगार, कोठडीतले लोक यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. दवाखान्यात काम करणाऱ्या परिचारिकेला, बँकेत काम करणाऱ्या बाईलाही हे लागू आहे, आणि अनेकींना ते माहीत नसते. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०११ च्या नियमांत गावोगाव विधी सेवा केंद्रे उघडायची तरतूद आहे, आणि तिथे बसायला २००९ पासूनच्या योजनेतले प्रशिक्षित विधी स्वयंसेवक आहेत. केंद्राला खोली लागते, टेबल लागते, ठरलेल्या वारी उघडे दार लागते. हे सगळे वाचनालयाकडे आहे. नागपूरला ऑक्टोबर २०२० मध्ये 'न्याय कौशल' हे ई-फायलिंगचे पहिले साधनकेंद्र सुरू झाले तेव्हा त्यासाठीही असेच साधे सामान लागले: संगणक, स्कॅनर, जोडणी आणि शिकवणारी माणसे.

सुरुवात लोकअदालतीपासून करता येईल. राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून चार वेळा, ठरलेल्या शनिवारी भरते आणि तारखा आधी जाहीर होतात. तिथे झालेल्या तडजोडीला हुकूमनाम्याचे बळ असते, तिच्यावर अपील नाही, आणि भरलेले न्यायालयीन शुल्क परत मिळते. प्रलंबित धनादेशाचे, अपघात भरपाईचे, वीजबिलाचे, बँकेच्या कर्जाचे कितीतरी वाद त्या दिवशी मिटू शकतात. पण आपले प्रकरण त्या यादीत घ्या असा अर्ज आधी करावा लागतो. कब्बन पार्कातल्या मध्यवर्ती ग्रंथालयापासून औरादच्या अरिवु केंद्रापर्यंत प्रत्येक फलकावर पुढच्या चार तारखा, अर्जाचा नमुना, विधी सेवेचा १५१०० हा मोफत क्रमांक आणि कलम १२ मधली यादी कन्नडमध्ये, आणि जिथे मराठी वस्ती आहे तिथे मराठीतही, ठळक अक्षरांत लावावी. शेजारी एक संगणक सीएनआर क्रमांक बघण्यासाठी राखून ठेवावा, आणि मंगळवारी-शुक्रवारी संध्याकाळी, मजुरीवरून सुटून येणाऱ्यांना जमेल अशा वेळी, विधी स्वयंसेवकाने तिथे बसावे.